नजर कुठे, लक्ष कुठे?

‘लक्ष कुठंय तुझं?’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्यापैकी कोणी लहानाची मोठी झाली असेल असं मला वाटत नाही. दूध उतू गेलं की आई म्हणायची, हातचा एक विसरला की शाळेतल्या बाई म्हणायच्या, आणि आज तेच वाक्य आपण आपल्या मुलांना ऐकवतो. गंमत म्हणजे वाक्य प्रश्नाचं असलं तरी उत्तराची वाट कोणीच पाहत नाही. ‘बाई, माझं लक्ष अमुक ठिकाणी होतं’ असं कोणी खरंच सांगितलं तर दोन धपाटे जास्तीचेच मिळायचे! म्हणजे तो प्रश्न नसतोच, ते असतं रागावणं.

पण एक व्यवसाय असा आहे की तिथे या प्रश्नाचं खरंखुरं उत्तर मिळणं फार गरजेचं असतं. तो म्हणजे विमान चालवणं. वैमानिकाची नजर त्या क्षणी कुठे होती, यावर दोन-तीनशे माणसांचा जीव अवलंबून असू शकतो. आणि आता हे उत्तर देणारं तंत्र आलेलं आहे. त्याला म्हणतात आय ट्रॅकिंग, म्हणजे डोळ्यांचा माग काढणं. वैमानिकांना शिकवताना जगात अनेक ठिकाणी त्याचा अभ्यास आणि वापर चालू आहे.

‘आमचा काय संबंध?’ असं म्हणून पान उलटू नका. कोल्हापूर, नांदेड, जळगाव अशा गावांतूनही आता विमानं उडतात. कोणाची लेक बंगळुरूला, कोणाचा मुलगा दुबईला. जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान कोसळून २६० जणांचा बळी गेला, तेव्हा घरोघरी टीव्हीसमोर बसून आपण सगळ्याच सुन्न झालो होतो. आणि त्यानंतर काय झालं तेही आठवा. तपासाचा पहिला कागद बाहेर यायच्या आधीच मोबाइलवर निकाल लागले, चूक याची, चूक त्याची. त्या अपघाताचं काय ते तपास करणाऱ्यांनी सांगावं, आपण त्यात पडू नये. पण कुठेही काही घडलं की ‘दोषी कोण’ असं विचारायची आपल्याला घाई होते, आणि ‘हे घडलं कसं’ हा प्रश्न मागे पडतो. आय ट्रॅकिंगचा विषय मला महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी.

एका दिव्यापायी

२९ डिसेंबर १९७२ ची रात्र. अमेरिकेतलं ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान न्यूयॉर्कहून मायामीला उतरायला आलं होतं. चाकं खाली काढली, पण पुढचं चाक नीट बसलं हे सांगणारा छोटासा हिरवा दिवा काही लागेना. वैमानिकांनी विमान पुन्हा वर घेतलं, २००० फुटांवर ऑटोपायलटच्या हवाली केलं आणि दिव्याच्या मागे लागले. दिव्याचं झाकण काढ, तो हलवून बघ, पुन्हा बसव. एक जण तर चाक डोळ्यांनी दिसतंय का बघायला खालच्या कप्प्यात उतरला. एवढ्यात कोणाच्या तरी हाताचा धक्का लागून म्हणा, विमानाची उंची धरून ठेवणारी व्यवस्था सुटली असावी. विमान हळूहळू, अगदी कोणाला जाणवणार नाही इतक्या हळू खाली यायला लागलं. उंची बदलल्याची सूचना देणारा छोटा आवाजही झाला, तो कोणाच्या कानावर पडला नाही. उंची दाखवणारी तबकडी समोरच होती. पण सगळ्यांचं लक्ष त्या दिव्यावर! विमान दलदलीत कोसळलं आणि त्यातल्या १७६ पैकी १०१ माणसं गेली. पुढे कळलं, चाक व्यवस्थित बाहेर आलेलं होतं. दिवा फक्त जळलेला होता.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. मग ६ जुलै २०१३ ची ऐका. दक्षिण कोरियाच्या एशियाना कंपनीचं विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होतं. भर दिवसा, स्वच्छ हवेत. कॉकपिटमध्ये तीन वैमानिक. वेग आपोआप सांभाळला जातोय अशी समजूत होती, पण त्या वेळी ती व्यवस्था वेग सांभाळतच नव्हती. ताशी सुमारे २५४ किलोमीटर वेग हवा होता, तो घसरत घसरत १९० च्या आसपास आला. वेगाचा आकडा पडद्यावर दिसत होता, पण तो वेळेवर कोणी टिपला नाही. लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. धावपट्टीच्या अलीकडच्या समुद्राच्या बांधावर विमानाची शेपटी आपटली. ३०७ पैकी बाकी सगळे वाचले, पण तीन शाळकरी मुली गेल्या. अमेरिकेच्या तपास मंडळाने २०१४ मध्ये अहवाल दिला, त्यात वेगावर पुरेशी नजर ठेवली गेली नाही हे एक ठळक कारण होतं. आणि त्याच अहवालात, त्या स्वयंचलित व्यवस्थेची रचना गुंतागुंतीची आहे आणि ती वैमानिकांना नीट समजावली गेली नव्हती, हेही म्हटलं होतं.

दोन्ही वेळी माणसं अनुभवी होती. झोपलेली नव्हती, प्यायलेली नव्हती, बेफिकीरही नव्हती. तरी नजर चुकली. मग अशांना ‘नीट लक्ष द्या’ एवढं सांगून भागेल का?

अंगठ्याच्या नखाएवढं

याचं मूळ आपल्या डोळ्यात आहे. आपल्याला वाटतं की समोरचं सगळं आपल्याला दिसतंय. प्रत्यक्षात हात लांब धरून अंगठ्याचं नख बघा. साधारण तेवढाच भाग एका वेळी डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतो, बाकीचं सगळं पुसट. म्हणून डोळा सतत उड्या मारत असतो, एका सेकंदात दोन-तीन. या उड्यांचे तुकडे जोडून मेंदू आपल्याला अख्खं चित्र दाखवतो, आणि आपण समजतो की आपण सगळं पाहिलं.

आपल्या स्वयंपाकघरातच बघा ना. एका शेगडीवर दूध, दुसरीकडे कुकर, तव्यावर पोळी आणि दाराशी गॅसवाला. सरावलेली बाई दुधाकडे टक लावून बसत नाही. एक नजर दुधावर, एक तव्यावर, कान कुकरच्या शिट्टीकडे. नवी नवरी मात्र पोळी करपेल या भीतीने पोळीकडेच बघत राहते आणि तिकडे दूध ओट्यावर येतं. सरावलेल्या बाईला ‘तू नजर कशी फिरवतेस?’ विचारा, तिला सांगता येणार नाही. ‘होतं आपोआप’ म्हणेल. आमच्या महिला मंडळाच्या स्कूटी शिकवणीतही हेच दिसतं. नवी शिकणारी पुढच्या चाकाकडे बघते आणि म्हणून डगमगते. शिकवणारी तिला एकच सांगते, चाकाकडे नको, रस्त्याकडे लांब बघ. नजर बदलली की हँडल सरळ होतं.

वैमानिकासमोर वेग, उंची, दिशा, विमानाचं नाक वर आहे की खाली, इंजिनाचा जोर, शिवाय ऑटोपायलट या क्षणी नेमकं काय करतोय, असं बरंच काही असतं. या सगळ्यावरून ठरावीक रीतीने नजर फिरवत राहायची, याला त्यांच्या भाषेत स्कॅन म्हणतात. पूर्वी हे शिकवणारा प्रशिक्षक बाजूला किंवा मागे बसायचा. त्याला काय दिसणार? विद्यार्थ्याचे हात आणि डोक्याची मागची बाजू. ‘वेग बघितलास का?’ असं विचारलं की विद्यार्थी म्हणणार, ‘हो सर’. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. आपली नजर कुठे कुठे गेली हे ज्याचं त्यालाही आठवत नसतं.

आरसा आणि सिनेमाचा कॅमेरा

हा प्रश्न पहिल्यांदा धसाला लावला तो अमेरिकेच्या हवाई दलातल्या पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने. दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ. युद्धात वैमानिकांच्या हातून खूप चुका झाल्या होत्या आणि त्या सगळ्यांवर ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का बसला होता. फिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये अशा ४६० चुका तपासल्या. त्यांना दिसलं की बऱ्याच चुकांचं मूळ कॉकपिटच्या मांडणीत आहे. एकसारखे दिसणारे दांडे शेजारी शेजारी, एका विमानात एका जागी तर दुसऱ्यात दुसऱ्या. घाईत कोणाचाही हात चुकेल.

मग त्यांनी नजरेचा अभ्यास घेतला. कॉकपिटमध्ये आरसा बसवला, सिनेमाचा कॅमेरा लावला आणि धुक्यात किंवा अंधारात उतरतात तसं नुसत्या तबकड्यांच्या भरवशावर उतरताना वैमानिकाचे डोळे कुठे जातात याचं चित्रीकरण केलं. मग एकेक चित्र बघून मोजणी. केवढं किचकट काम! १९५० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले, आणि ते इतके साधे आहेत की कोणालाही पटावेत. ज्या तबकडीकडे नजर वारंवार जाते, ती महत्त्वाची. जिच्यावर नजर रेंगाळते, ती वाचायला अवघड. आणि ज्या दोन तबकड्यांमध्ये नजर सारखी ये-जा करते, त्या शेजारी शेजारी हव्यात.

अशाच अभ्यासांच्या आधाराने पुढे विमानातल्या तबकड्यांची मांडणी इंग्रजी टी अक्षरासारखी ठरून गेली. मधोमध विमानाचा तोल, डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा. आज तबकड्या जाऊन पडदे आले, तरी त्या पडद्यांवर मांडणी बहुतेक हीच असते. पुढच्या वेळी कधी कॉकपिटचा फोटो दिसला तर जरूर बघा. डब्यांची फळी लावताना हळद-तिखट-मोहरीचा डबा आपण हाताशी ठेवतो आणि सणाची मोठी परात वर टाकतो, त्यातला हा प्रकार. फरक एवढाच की इथे ते मोजून ठरवलं गेलं.

आता तो आरसा आणि तो अवजड कॅमेरा राहिला नाही. डोळ्याला न दिसणारा, न टोचणारा अवरक्त प्रकाश डोळ्यावर टाकतात. बुबुळावरून तो परततो तो बारीक कॅमेरे टिपतात, सेकंदाला साठ वेळा किंवा त्याहूनही जास्त. हे कॅमेरे चष्म्यात असतात किंवा सिम्युलेटरमध्येच बसवलेले असतात. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरचं खोटं विमान. आतून हुबेहूब कॉकपिट, धक्के बसतात, पाऊस दिसतो, इंजिन बंद पडतं, फक्त जीव जात नाही. विद्यार्थी हे ‘विमान’ चालवत असताना प्रशिक्षकाच्या पडद्यावर एक ठिपका फिरताना दिसतो. तो ठिपका म्हणजे विद्यार्थ्याची नजर. सराव संपला की दोघं बसून तेच चित्रण पुन्हा बघतात. ‘हे बघ, इथे बारा सेकंद तू एकदाही वेगाकडे आला नाहीस.’ वाद नाही, रागावणं नाही. विद्यार्थी स्वतःच म्हणतो, ‘अरेच्चा!’ अमेरिकेच्या हवाई दलाने २०१८ मध्ये टेक्सासमध्ये एक नवा प्रशिक्षण प्रयोग सुरू केला. त्यात तर डोळ्यांवर चढवायच्या आभासी चित्रांच्या चष्म्यातून शिकवताना नजरेचीही नोंद घेतली गेली.

कसलेल्या वैमानिकात आणि नवख्यात फरक काय, हेही यातून उलगडलं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की कसलेले वैमानिक प्रत्येक ठिकाणी थोडाच वेळ थांबतात, पण पुन्हा पुन्हा येतात. आणि विमान काय करतंय त्याप्रमाणे फिरण्याची रीत बदलतात. नवखे एका जागी रेंगाळतात. अगदी आपल्या दूध आणि पोळीसारखंच.

‘लक्ष ठेवणारा’ कधी लक्ष ठेवणार?

यातला सगळ्यात बोलका अभ्यास फ्रान्समधला आहे. तिथल्या विमान अपघात तपास संस्थेने, बीईएने, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. विमान उतरता उतरता काही बिनसलं तर उतरणं सोडून पुन्हा वर जायचं असतं, त्याला गो-अराउंड म्हणतात. ऐकायला सोपं, पण प्रत्यक्षात मोठी धांदल. इंजिनं एकदम जोर धरतात, विमानाचं नाक वर जातं, चाकं आत घ्यायची, पंखांचे पडदे बदलायचे, नवी उंची लावायची, तेवढ्यात रेडिओवरून सूचना येतात. आणि हे सगळं एखाद्या मिनिटात. एरवी क्वचितच वाट्याला येणारी गोष्ट, त्यामुळे हाताला सवय नसते. अशा धांदलीत पूर्वी काही विमानं पडली होती. म्हणून या संस्थेने वैमानिकांच्या जोड्यांना मोठ्या विमानांच्या सिम्युलेटरमध्ये बसवलं आणि आय ट्रॅकर लावून त्यांची नजर टिपली.

कॉकपिटमध्ये दोघं असतात. एक विमान हाताळतो आणि दुसरा त्याच्यावर आणि विमानावर लक्ष ठेवतो. पूर्वी या दुसऱ्याचं नाव ‘विमान न चालवणारा वैमानिक’ असं होतं. २००३ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने त्याला ‘लक्ष ठेवणारा वैमानिक’ म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं म्हणजे काम कळलं! पण फ्रेंच अभ्यासात काय दिसलं? त्या एका मिनिटात या दुसऱ्याच्या अंगावर बटणं, दांडे, आकडे लावणं, रेडिओवर बोलणं इतकं काही येऊन पडतं की त्याची नजर त्यातच अडकते. ज्यासाठी तो तिथे आहे ते काम, म्हणजे वेग आणि तोल बघणं, त्यालाच वेळ उरत नाही.

आता विचार करा, अपघात झाल्यावर अहवालात नुसतं ‘लक्ष ठेवलं नाही’ असं लिहिलं तर? त्या माणसावर ठपका बसेल आणि उद्या त्याच्या जागी बसणाराही तसाच अडकेल. नजरेची नोंद समोर असली की कळतं, एका माणसावर एका मिनिटात जास्त कामं लादलेली आहेत. कामं वाटून द्यायला हवीत, पद्धत सोपी करायला हवी, आणि या धांदलीचा सराव वाढवायला हवा. घरातल्या एकीवर स्वयंपाक, आजारी सासरे, मुलांचा अभ्यास आणि दुकानाचा हिशेब टाकायचा आणि वर विचारायचं, औषधाची वेळ चुकलीच कशी? ही तऱ्हा आपल्याला अनोळखी नाही.

अमेरिकेनेही २०१३ मध्येच नियम केला की विमान कंपन्यांनी वैमानिकांना ‘लक्ष ठेवणं’ हे कौशल्य म्हणून वेगळं शिकवलं पाहिजे. त्यासाठी २०१९ पर्यंतची मुदत दिली होती. म्हणजे लक्ष देणं हा काही स्वभावाचा गुण नाही, ती शिकायची आणि शिकवायची गोष्ट आहे, हे सरकारी कायद्याने मान्य केलं.

बघितलं, पण दिसलं नाही

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. यंत्र आलं म्हणजे सगळं झालं असं नाही. डोळा कुठे होता हे यंत्र सांगतं, मन कुठे होतं हे सांगत नाही. आपण नाही का पुस्तकाचं पान वाचून संपवतो आणि काय वाचलं ते आठवत नाही!

अमेरिकेच्या नासा या संस्थेत १९८० च्या सुमारास एक प्रयोग झाला. समोरच्या काचेवरच आकडे दिसावेत अशी नवी सोय सिम्युलेटरमध्ये केली होती, म्हणजे मान खाली घालायला नको. मग वैमानिक उतरत असताना धावपट्टीवर मुद्दाम दुसरं विमान आडवं आणलं. आठपैकी दोन वैमानिकांना ते दिसलंच नाही. ते सरळ समोर बघत होते, तरी! २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात मोठी जम्बो विमानं चालवणाऱ्या वीस अनुभवी वैमानिकांची नजर टिपली. ऑटोपायलट आता कोणत्या रीतीने काम करतोय हे सांगणारी अक्षरं पडद्यावर बदलतात. ती अक्षरं अनेकदा बघितलीच गेली नाहीत, आणि काही वेळा बघूनही त्यांचा अर्थ मनात उतरला नाही. म्हणून तो ठिपका योग्य जागी आहे एवढ्यावर कोणाला पास करू नये. ठिपक्याच्या पुढे जाऊन ‘तुला तिथे काय दिसलं, काय कळलं?’ हे विचारणारा गुरू लागतोच.

झोपेचंही तसंच. २२ मे २०१० ला मंगळूरला दुबईहून आलेलं विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं, १५८ जण गेले. त्याच्या चौकशीत ध्वनिमुद्रणावरून निघालं की मुख्य वैमानिक प्रवासात बराच वेळ झोपलेले होते आणि उतरताना त्या झोपेचा अंमल पुरता गेलेला नव्हता. शेजारच्या को-पायलटने तीनदा ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं. त्याची नजर ठीक होती, त्याला धोका दिसलाही होता. पण धाकट्याचं ऐकलं गेलं नाही. यावर कोणता आय ट्रॅकर उपाय करणार? धाकट्याने बोलावं आणि थोरल्याने ऐकावं, हे वळणही लावावं लागतं.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो विमानं रद्द झाली, लोक विमानतळांवर अडकले, लग्नं हुकली. त्या वेळी मूळ मुद्दा हाच होता. वैमानिकांना आठवड्याला सलग ३६ ऐवजी ४८ तासांची विश्रांती मिळावी, रात्री उतरण्याची संख्या कमी व्हावी असे नवे नियम आले होते आणि त्याप्रमाणे माणसांचं नियोजन झालेलं नव्हतं. आपण तेव्हा रद्द झालेल्या विमानांवर चिडलो, ते साहजिकच होतं. पण थकलेल्या डोळ्यांनी उतरवलेल्या विमानात बसायला आपल्याला आवडेल का? पापण्या किती वेळ मिटतात यावरून थकवा ओळखणारी यंत्रंही आहेत. ती थकवा सांगतील, झोप देऊ शकणार नाहीत.

ही नोंद कोणाची?

माझ्या दृष्टीने खरा कळीचा प्रश्न इथे आहे. नजरेची ही नोंद कोणाच्या हाती राहणार? शिकवणाऱ्याच्या की हजेरी घेणाऱ्याच्या?

अहमदाबादच्या अपघातानंतर जुलै २०२५ मध्ये, आंतरराष्ट्रीय विमान कंपन्यांच्या संघटनेचे त्या वेळचे प्रमुख विली वॉल्श यांनी कॉकपिटमध्ये व्हिडिओ कॅमेरे असावेत याला सबळ कारणं आहेत असं म्हटलं. अपघाताचं कारण लवकर कळेल हा मुद्दा बिनतोड आहे. पण वैमानिकांच्या संघटनांचा या कॅमेऱ्यांना अनेक वर्षं विरोध आहे. उद्या ते चित्रण टीव्हीवर फिरलं तर? साहेबांनी त्यावरून नोकरी घेतली तर? या भीतीला काही अर्थच नाही असं म्हणता येत नाही.

आमच्या अंगणवाडीच्या ताईंशी बोलले की हीच गोष्ट कानावर येते. मोबाइलवरचं ॲप आलं ते बाळांची वाढ नीट कळावी म्हणून. पण नोंद राहिली की आधी जाब येतो, मदत मागाहून, असं त्यांना वाटायला लागलं, तेव्हा ताई बाळाकडे कमी आणि मोबाइलकडे जास्त बघायला लागल्या! वैमानिकाचंही तसंच होईल. आपली नजर कोणीतरी मोजून गुण देतंय असं वाटलं की तो ठिपका दिसावा म्हणून तबकडीकडे बघेल. डोळा जाईल, मन जाणार नाही. मग सगळ्या खटाटोपाचा फायदा काय?

म्हणून सिम्युलेटरमधली नजरेची नोंद ही शिकणाऱ्याची आणि त्याच्या गुरूची असावी, शिक्षेसाठी वापरू नये, असा स्पष्ट नियम हवा असं मला वाटतं. अनेक वैमानिकांच्या नोंदी नाव काढून एकत्र केल्या तर मांडणी कुठे चुकतेय, पाठ कुठे अपुरा पडतोय हे कळेल. ते कंपन्यांनीही बघावं आणि सरकारनेही. अपघाताच्या तपासाची गोष्ट वेगळी, तिथे सत्य बाहेर आलंच पाहिजे. पण शिकताना चुकण्याची मुभा नसेल तर माणूस चुका लपवायला शिकतो.

आपल्या देशात हा प्रश्न आता जोराने येणार आहे. देशाला येत्या पंधरा-वीस वर्षांत तीस हजार वैमानिक लागतील असं केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी २०२५ मध्ये सांगितलं. आपल्या विदर्भात गोंदियाला वैमानिक घडवणारी संस्था आहे. आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे भारतात वैमानिकांमध्ये साधारण १५ टक्के स्त्रिया आहेत, जगाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपासच आहे. आपल्या छोट्या गावांतल्या मुलीही हे स्वप्न बघतात. घर किंवा शेत गहाण टाकावं इतका त्याचा खर्च. आई-बाप चौकशी करतात ती फी किती, तास किती, नोकरी लागेल का याची. आणखी दोन-तीन गोष्टी विचारायला हव्यात. सिम्युलेटरवर सराव किती देता? सराव झाल्यावर विद्यार्थ्यासोबत बसून चुका उलगडता, की नुसते गुण देऊन मोकळे होता? आणि माझ्या मुलीने वरिष्ठांना ‘सर, थांबा’ म्हटलं तर ते तिला शाबासकी देतील की डोळे वटारतील?

आय ट्रॅकर महाग असेल, सगळीकडे लगेच येणार नाही. पण त्यामागचा विचार फुकट आहे. चुकलेल्याला आधी विचारायचं, तुझी नजर कुठे होती, ती तिथे का अडकली, आणि ती सुटावी म्हणून आम्ही काय बदलायला हवं. विमान कंपन्यांकडून, उड्डाण शाळांकडून आणि सरकारकडून आपण प्रवासी म्हणून, पालक म्हणून एवढं मागायला काय हरकत आहे?